शाळेच्या सभागृहात १६३० सालचे प्युरिटन गाव कसे उभारावे

कोल्हापुरातील एका शाळेत इतिहास शिकवत असताना मी आठवी-नववीच्या मुलांकडून तीन वेळा अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील प्युरिटन (चर्च ऑफ इंग्लंड शुद्ध करू पाहणाऱ्या इंग्रज ख्रिस्ती लोकांच्या) वसाहतीची प्रतिकृती उभारून घेतली. पहिल्या वर्षी ती फसली, दुसऱ्या वर्षी निम्मी साधली आणि तिसऱ्या वर्षी तिने समाधान दिले. हा उपक्रम करू इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी पुढील मार्गदर्शन लिहीत आहे. सभागृहाचा साधारण बारा फूट बाय दहा फुटांचा कोपरा, वीसेक विद्यार्थी आणि तीन आठवडे एवढे हाताशी असले म्हणजे पुरे. लागणारे जवळजवळ सर्व साहित्य गावातच मिळते.

पहिल्या वर्षी फसण्याचे कारण आधी सांगतो, कारण पुढची सारी मांडणी त्यावरच बेतलेली आहे. आम्ही ‘घर’, ‘धर्म’ आणि ‘व्यवसाय’ अशी तीन वेगळी दालने केली होती. पालक आले, खाण्याच्या टेबलापाशी रेंगाळले, धर्माच्या तक्त्यांवरून नजर फिरवून बाहेर पडले. दोष पालकांचा नव्हता. ज्या समाजात प्रार्थना आणि गावसभा एकाच छपराखाली भरत, मताचा अधिकार मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सदस्यत्वावर ठरे आणि खिळ्यांची पिशवी किती भावाने विकली हा प्रश्न धर्मगुरूच्या व्यासपीठापर्यंत जाई, त्या समाजाचे आम्ही तीन तुकडे केले होते. म्हणून दालने करू नयेत. एकच गाव उभारावे आणि त्यातील शनिवार दुपार ते रविवार संध्याकाळ एवढाच काळ दाखवावा. त्या दीड दिवसात चूलही येते, उपासनाही येते आणि हिशेबही येतो.

आधी माणसे निश्चित करावीत

प्लिमथ आणि मॅसॅच्युसेट्स बे या दोन वसाहतींची सरमिसळ हा या विषयातील सर्वांत सामान्य घोटाळा आहे. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आले आणि प्लिमथला वसले. त्यांच्यातील धार्मिक गट चर्च ऑफ इंग्लंडशी संबंध तोडून आधी हॉलंडमधील लायडन येथे राहून आलेला होता. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली अर्बेला आणि इतर जहाजे आली. त्यांतील प्युरिटनांनी चर्च सोडल्याचे कधी म्हटले नाही. त्यातील कर्मकांड काढून टाकून ते शुद्ध करायचे, अशी त्यांची भूमिका होती. मुलांना हे समजावताना मी एवढेच सांगत असे की, पहिले घर सोडून निघाले होते आणि दुसऱ्यांना घर झाडून काढायचे होते. मात्र झाडू मारायला दोघेही समुद्रापलीकडे गेले. पुढील दहा वर्षांत सुमारे वीस हजार माणसे या किनाऱ्यावर उतरली. त्यांत एकट्या तरुणांपेक्षा कुटुंबे अधिक होती, आणि म्हणूनच येथील जीवन सोन्याच्या शोधात निघालेल्यांच्या छावणीसारखे नसून गावगाड्यासारखे दिसते. मॅसॅच्युसेट्स बेचे एखादे लहान गाव निवडावे आणि प्लिमथचा उल्लेख आवश्यक तेथेच करावा. तक्त्यावर ‘यात्रेकरू’ (म्हणजे प्लिमथचे) आणि ‘प्युरिटन’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

काळाची जाणीव देण्यासाठी प्रवेशाजवळ सुतळीची एक दोरी आडवी बांधावी आणि तिच्यावर दोन रंगांच्या चिठ्ठ्या लावाव्यात. १६३० च्या जागी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म आणि खालच्या बाजूला अर्बेला जहाजाचे आगमन. १६६० ला वर सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा, खाली बोस्टनमध्ये क्वेकर पंथाच्या मेरी डायर यांना दिलेली फाशी. १६७४ ला राज्याभिषेक, आणि १६७५ ला वाम्पानोआग या स्थानिक जमातीचा सरदार मेटाकॉम याने इंग्रज वसाहतींविरुद्ध पुकारलेले युद्ध. पन्हाळ्याची सहल केलेल्या मुलाला १६६० हे साल शिकवावे लागत नाही, त्यामुळे दोरीची खालची बाजूही त्याच्या लक्षात राहते. दोरीवर फक्त साले लिहावीत. त्या काळी इंग्रजांची दिनदर्शिका युरोपातील नव्या दिनदर्शिकेपेक्षा दहा दिवस मागे होती आणि त्यांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे एकाच घटनेच्या दोन तारखा पुस्तकांत सापडतात. तारखेनुसार की तिथीनुसार हा वाद ज्यांच्या घरी दर वर्षी होतो, त्यांना याहून अधिक स्पष्टीकरण देण्याची गरज पडत नाही.

भिंत, खिडकी आणि छप्पर

सुरुवातीची घरे इंग्लंडच्या खेड्यांतील पद्धतीची होती. लाकडी चौकट, चौकटीत विणलेल्या काठ्या आणि त्यांवर चिखल-गवताचे लिंपण, ही आपली कुडाची भिंतच होय. गगनबावडा किंवा राधानगरीकडून येणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी कारवीचा कूड पाहिलेले आजी-आजोबा असतातच. त्यांना एक दुपार बोलवावे आणि भिंत त्यांच्याकडूनच विणून घ्यावी. सहा फूट बाय चार फुटांची चौकट सुताराकडून करून घ्यावी, उभ्या काठ्या वीतभर अंतराने ठोकाव्यात आणि त्यांतून बुरडाकडून आणलेल्या ओल्या कामट्या आत-बाहेर ओवाव्यात. लिंपणासाठी चाळलेली चिकणमाती, थोडी वाळू आणि बारीक चिरलेला पेंढा पायाने तुडवून घ्यावा. मिश्रण एक रात्र मुरू द्यावे. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन मुलांनी समोरासमोर उभे राहून थापावे, म्हणजे माती कामट्यांमधून एकमेकींना धरते. एका बाजूने थापलेली भिंत वाळताना पापुद्र्यासारखी सुटते. आमची सुटली होती.

लिंपण झाल्यावर अर्ध्या भिंतीवर बाहेरून आडव्या फळ्या एकावर एक चढवून ठोकाव्यात. तिकडे लाकूड मुबलक आणि हिवाळा कडक असल्याने लोकांनी लवकरच घरांना फळ्यांचे कवच दिले. इंग्लंडची सवय आणि नव्या भूमीची गरज यांचा सांधा या अर्ध्या उघड्या आणि अर्ध्या झाकलेल्या भिंतीत नेमका दिसतो.

खिडकीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण माझ्या अनुभवात मुलांना सर्वांत जास्त आवडलेली वस्तू तीच. १६२१ च्या अखेरीस प्लिमथच्या एडवर्ड विन्स्लो यांनी इंग्लंडमधील मित्राला पत्र पाठवून पुढील जहाजाने येणाऱ्यांनी काय काय आणावे हे कळवले. त्यात खिडक्यांसाठी कागद आणि जवसाचे तेल आणा, अशी सूचना आहे. काच महाग होती, म्हणून तेल पाजलेला कागद खिडकीला लावत. आपल्याकडे जवसाचे तेल रंगाच्या दुकानात मिळते. जाडसर पांढरा कागद लाकडी चौकटीवर ताणून चिकटवावा, मऊ फडक्याने दोन्ही बाजूंना तेलाचा पातळ हात द्यावा आणि चौकट तीन-चार दिवस सावलीत उभी ठेवावी. कागद पारदर्शक होत नाही, पण मागे दिवा ठेवला की मधासारखा प्रकाश झिरपतो. घरात उजेड आहे, पण बाहेर कोण आले ते दिसत नाही, हे चौकटीमागे उभे राहिल्यावर मुलांना आपोआप कळते. एक सावधगिरी मात्र काटेकोरपणे पाळावी: तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि गुंडाळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी पाण्यात भिजवून नंतर उन्हात पसरावीत.

आगीची गोष्ट निघाली म्हणून छपराबद्दलची आमची चूक सांगून टाकतो. पहिल्या वर्षी आम्ही उसाच्या पाल्याचे छप्पर केले. पाला फुकट मिळाला, दिसलाही उत्तम. दुपारी तीनच्या सुमारास वरच्या ट्यूबच्या चोकपाशी तो धुमसू लागला, शिपाईकाकांनी बादलीभर पाणी ओतले आणि प्रदर्शन अर्ध्या तासासाठी बंद करावे लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही पाला उतरवला आणि त्या जागी एक तक्ता लावला, तो असा: १६३१ मध्ये बोस्टनमध्ये एका घराला आग लागल्यानंतर तेथील अधिकाऱ्यांनी गवती छपरे आणि लाकडी धुराडी यांवर बंदी घातली. हा तक्ता सगळ्या प्रदर्शनात सर्वाधिक वाचला गेला. आपण पाल्याऐवजी लाकडी पातळ फळ्यांचे छप्पर दाखवावे आणि पाल्याची एक पेंढी शेजारी जमिनीवर ठेवावी.

चुलीवरचे भांडे

स्वयंपाकघर हा गावाचा मध्य मानावा. चुलीवर एक मोठे लोखंडी भांडे, लाकडी पळी आणि लाकडी ताट ठेवावे. एका लाकडी ताटात दोघे जेवत आणि काट्यांचा वापर नव्हता. बोटे, सुरी आणि चमचा यांवर काम भागे. साधे पाणी पिण्याबद्दल लोक साशंक असत, त्यामुळे घरोघरी सौम्य बीअर गाळली जाई आणि ती मुलेही पीत. हे तक्त्यावर एका ओळीत लिहावे, प्रात्यक्षिक करू नये.

प्रत्यक्ष शिजवावा तो मका. गहू इंग्लंडहून आणला होता, पण नव्या जमिनीत तो भरवशाचा ठरला नाही. जगवले ते स्थानिक मक्याने. प्लिमथला हा मका कसा लावावा हे टिस्क्वांटम नावाच्या, पटक्सेट गावच्या स्थानिक माणसाने शिकवले: मातीचा उंचवटा करावा, त्यात खतासाठी मासळी पुरावी, वर मक्याचे दाणे लावावेत. मक्याच्या ताटाला घेवड्याचा वेल चढे आणि खाली भोपळ्याची पाने जमीन झाकून ठेवत. आंतरपीक घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांना ही पद्धत ऐकताच पटते. जमले तर उपक्रमाच्या पावणेदोन महिने आधी एका मोठ्या कुंडीत मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावून ठेवावा.

पाककृती अगदी सोपी आहे. गिरणीवाल्याला सांगून एक किलो मका रव्याहून जाड भरडून आणावा. साडेचार लिटर पाण्याला उकळी आणून मीठ घालावे आणि भरडा मुठीमुठीने पेरत, सतत ढवळत राहावे. एकदम टाकल्यास गाठी होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. मंद आचेवर सुमारे तासभर शिजू द्यावे. ज्वारीच्या कण्या घरी खाल्लेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. साठ माणसांना चवीपुरता एक-एक द्रोण होतो. वरून दूध घालावे किंवा काकवी. तिखटाची चटणी शेजारी ठेवण्याचा आग्रह होईल, तो मोडून काढावा. मिरची अमेरिकेचीच खरी, पण त्या थंड किनाऱ्यावर ती पिकत नव्हती, आणि बिनतिखटाच्या जेवणावर कोल्हापूरकराचा चेहरा जसा होतो तो पाहण्यातही थोडे शिक्षण आहे.

काकवीपाशी मात्र मुलांना थांबवावे. द्रोणात पडणारी ही तपकिरी धार आपल्या मुलांनी गुऱ्हाळावर पाहिलेली असते. बोस्टनच्या घरात तशी धार येई ती वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांतून, आणि त्या मळ्यांत राबत ते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. १६४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये यादवी पेटण्याच्या बेतात आली, तेव्हा नवे प्युरिटन येणे जवळपास थांबले. तोपर्यंत नव्याने येणाऱ्यांना गुरे आणि धान्य विकण्यावर जुन्यांची कमाई चाले. ती थांबताच गुरांचे भाव कोसळले. मग बाजार शोधताना त्यांना वेस्ट इंडीज सापडले. न्यू इंग्लंडची, म्हणजे या ईशान्य किनाऱ्यावरील वसाहतींची, खारवलेली सुकी कॉड मासळी, पिंपांच्या फळ्या आणि घोडे तिकडे जाऊ लागले. उत्तम प्रतीची मासळी स्पेन-पोर्तुगालला जाई, तर हलक्या प्रतीची मळ्यांतील गुलामांच्या ताटात पडे. परतीच्या जहाजात साखर आणि काकवी येई. बोस्टनमध्येही गुलाम होतेच: १६३८ मध्ये डिझायर नावाच्या जहाजाने आफ्रिकी माणसे आणली, आणि त्याच जहाजाने जाताना युद्धकैदी झालेले स्थानिक पीक्वॉट जमातीचे लोक विकण्यासाठी नेले होते. या साऱ्याचा वेगळा तक्ता करण्यापेक्षा काकवीच्या बरणीलाच दोरीने एक चिठ्ठी बांधावी आणि वाढणाऱ्या विद्यार्थ्याने ती वाचून दाखवल्याशिवाय द्रोण हातात देऊ नये. सुक्या मासळीचे चित्रच लावावे. आम्ही खरी टांगली होती; त्याबद्दल आजूबाजूच्या वर्गांनी काय म्हटले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

शनिवारचा सूर्यास्त आणि रविवार

प्युरिटनांचा विश्रामवार शनिवारी सूर्यास्ताला सुरू होई. त्यामुळे शनिवार दुपारची गडबड हाच दिखाव्याचा पहिला प्रवेश ठेवावा: मुली पाणी भरून ठेवत आहेत, कोणी सरपण आत आणत आहे, घेवड्याचे भांडे निखाऱ्यांवर चढले आहे, आणि खिडकीमागचा दिवा मंद होताच सर्व हातांतील काम खाली ठेवतात. घरातील कर्ता पुरुष बायबलचा उतारा वाचतो. कुटुंब हे लहानसे चर्च आहे, ही त्यांची समजूत होती, आणि नोकर-चाकरांनाही या वाचनाला बसावे लागे.

रविवारसाठी ‘चर्चची इमारत’ करू नये. त्यांच्या भाषेत चर्च म्हणजे माणसे; इमारतीला ते नुसते सभागृह म्हणत. आपल्याकडील मराठी ख्रिस्ती समाज ‘मंडळी’ हा शब्द वापरतो तो नेमका याच अर्थाचा, म्हणून तक्त्यांवर तोच वापरावा. सभागृहात क्रूस, मूर्ती, रंगीत काचा, मेणबत्त्या, वाद्ये यांपैकी काहीही नव्हते आणि शेकोटीही नव्हती. चार बाके, एक उंच व्यासपीठ आणि त्यावर वाळूचे घड्याळ एवढे पुरे. पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसत, आणि कोणी पुढे बसावे हे गावातील प्रतिष्ठेवर ठरे. प्रवचन तास-दीड तास चाले. सकाळची उपासना झाली की दुपारी पुन्हा दुसरी. वाळूचे घड्याळ दोन बाटल्या तोंडाला तोंड लावून करता येते, मात्र वाळू रांगोळीइतकी बारीक हवी.

गायन कसे दाखवायचे हा प्रश्न आम्हाला अडला होता. स्तोत्रे वाद्यांशिवाय गायली जात. त्यांच्या भाषांतराचे पुस्तक १६४० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे छापले गेले आणि इंग्रजी वसाहतींत छापलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. ज्यांच्याकडे पुस्तक नसे किंवा ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी एकजण ओळ मोठ्याने सांगे आणि मग सारी मंडळी ती गाई. भजनात बुवा ओळ सोडतात आणि टाळकरी ती उचलतात, तसेच; फक्त टाळ आणि मृदंग काढून टाका. मराठी स्तोत्रसंहितेतील तेविसावे स्तोत्र घेऊन मुलांकडून हे बसवून घ्यावे. ताल धरण्यासाठी मुलांचे हात आपोआप उठतात, ते खाली ठेवायला शिकवणे हाच तालमीतील अवघड भाग आहे.

मंडळीत बसणे सर्वांना कायद्याने बंधनकारक होते, पण मंडळीचा सदस्य होणे कठीण होते. आपल्या अंतःकरणात देवाची कृपा कशी उतरली, हे उमेदवाराला इतरांपुढे सांगून पटवून द्यावे लागे. १६३१ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये अशा सदस्य पुरुषांनाच मताचा अधिकार होता. स्त्रिया सदस्य होत, मत देऊ शकत नसत. उलट धर्मगुरूला सरकारी पद घेता येत नसे आणि विवाह धर्मगुरूपुढे न लागता दंडाधिकाऱ्यापुढे लागे. म्हणजे धर्मसत्ता आणि राजसत्ता एकच होती असे लिहिणे चूक, आणि त्या वेगळ्या होत्या असे लिहिणेही चूक. नाताळ साजरा करणाऱ्याला १६५९ च्या कायद्याने पाच शिलिंग दंड होई. तो कायदा १६८१ मध्ये उठला.

मतभेदाला जागा किती होती हेही दाखवावे. विवेकाच्या बाबतीत सरकारने हात घालू नये असे म्हणणारे रॉजर विल्यम्स हद्दपार झाले आणि १६३६ मध्ये त्यांनी प्रॉव्हिडन्स वसवले. घरी स्त्री-पुरुषांना जमवून प्रवचनांवर चर्चा करणाऱ्या ॲन हचिन्सन यांच्यावर १६३७ मध्ये खटला चालला आणि त्यांनाही बाहेर काढले गेले. सेलमचे चेटूक-खटले १६९२ चे, म्हणजे आपल्या गावानंतर साठ वर्षांनी घडलेले. प्रेक्षक त्याबद्दल विचारतातच. एकच चिठ्ठी तयार ठेवावी: १९ जणांना फाशी दिली गेली, जाळले कोणालाही नाही.

नफ्याचा खटला

सगळ्या उपक्रमातील सर्वांत जिवंत भाग हा आहे, म्हणून याला पुरेसा वेळ द्यावा. १६३९ मध्ये बोस्टनचा व्यापारी रॉबर्ट कीन याच्यावर मालाला अवाजवी भाव लावल्याचा आरोप झाला. वसाहतीच्या न्यायसभेने त्याला २०० पौंड दंड केला, तो पुढे ८० वर आला. प्रकरण तेथे संपले नाही. मंडळीनेही त्याला बोलावले आणि त्याने रडत आपली चूक कबूल केली. त्यानंतर धर्मगुरू जॉन कॉटन यांनी व्यापाराचे खोटे सिद्धांत कोणते हे प्रवचनात सांगितले. विकताना जमेल तितके महाग विकावे आणि घेताना जमेल तितके स्वस्त घ्यावे, हा त्यांतील पहिला. समुद्रात काही माल बुडाला म्हणून उरलेल्याचा भाव वाढवावा, हा दुसरा. दोन्ही त्यांनी त्याज्य ठरवले.

हा खटला मुलांकडून चालवून घ्यावा, पण निकाल आधी सांगू नये. एक कीन, दोन तक्रारदार, पाच न्यायसभेचे सदस्य, एक धर्मगुरू आणि बाकीची मंडळी अशी विभागणी करावी. आमच्या वर्गात शाहूपुरीत गुळाची अडत असलेल्या घरातील एक मुलगा होता. सौदा पाडताना भाव कसा ठरतो हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. तो कीनच्या बाजूने उभा राहिला आणि विचारता झाला, “जहाज बुडालं तर तोटा माझा, मग जहाज पोचलं तर नफा माझा का नाही?” धर्मगुरू झालेल्या मुलीला पाठ केलेले उत्तर सुचेना. बराच वेळ थांबून ती म्हणाली, “नफा तुझाच, पण खिळे घेणाऱ्याला दुसरं दुकान नाही, हे तुला माहीत होतं.” त्या वर्षीच्या मंडळीने कीनला दोषी ठरवले, परंतु दंड दहा पौंडच केला. मुलांनी स्वतः काढलेला निकाल फळ्यावर लिहावा आणि मगच खरा निकाल शेजारी लिहावा. कीनने आयुष्याच्या अखेरीस प्रदीर्घ मृत्युपत्रात आपली बाजू पुन्हा पुन्हा मांडली आणि त्यातच बोस्टनच्या नगरसभेच्या इमारतीसाठी पैसे ठेवले, हे सगळ्यात शेवटी सांगावे.

ज्यांची जमीन होती ते

वसाहतवाले रिकाम्या रानात आले, हे चित्र कोणत्याही तक्त्यावर राहू देऊ नये. प्लिमथ वसले ती जागा पटक्सेट या गावाची होती. १६१६ ते १६१९ मधील साथीने ते गाव ओस पडले होते आणि मशागत केलेली शेते तशीच पडून होती. कॉड अंतरीपाजवळ उतरताच इंग्रजांनी स्थानिकांनी जमिनीत पुरून ठेवलेला मका काढून घेतला. पहिल्या हिवाळ्यात मेफ्लॉवरमधील निम्मी माणसे मेली. उरलेली जगली त्यात त्या मक्याचा, टिस्क्वांटमच्या शिकवणीचा आणि १६२१ मध्ये वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसॅसॉइट याच्याशी झालेल्या तहाचा वाटा आहे. त्याच शरद ऋतूतील तीन दिवसांच्या मेजवानीला त्याची सुमारे नव्वद माणसे आली होती आणि त्यांनी पाच हरणे आणली होती. सोळा वर्षांनी, १६३७ मध्ये, मिस्टिक येथे इंग्रजांनी आणि त्यांच्या स्थानिक मित्रांनी पीक्वॉटांचे तटबंदीचे गाव पेटवून दिले आणि शेकडो स्त्री-पुरुष आणि मुले मारली. दोन्ही प्रसंग एकाच आकाराच्या कागदावर, एकाच उंचीवर लावावेत. मुलांच्या डोक्यात पिसे खोवून त्यांना ‘इंडियन’ बनवू नये; त्याऐवजी मका-घेवडा-भोपळ्याची कुंडी, शेजारी कवड्यांसारख्या शंखमण्यांची माळ आणि नकाशावर स्थानिक नावे ठेवावीत. असे मणी वसाहतवाल्यांनीही चलन म्हणून वापरले होते.

पोशाखाचे काम थोडक्यात आटोपते. काळे कपडे आणि बकलाची टोपी ही नंतरची कल्पना आहे. काळा रंग महाग होता, तो मानकऱ्यांना आणि सणासमारंभालाच परवडे. रोजचे कपडे तपकिरी, निळे, हिरवे असत. गांधीनगरच्या कापडबाजारातून जाडेभरडे साधे कापड आणावे, जर-लेस टाळावी. कमी मालमत्तेच्या माणसाने सोन्या-चांदीची लेस लावू नये असा तेथे १६५१ मध्ये कायदाच झाला होता.

शाळेचा एक कोपरा मात्र अवश्य असावा. बॅटच्या आकाराची लाकडी फळी घेऊन तिच्यावर मुळाक्षरे आणि प्रभूची प्रार्थना लिहिलेला कागद चिकटवावा आणि वर पारदर्शक प्लास्टिक ठोकावे. तेव्हा त्या जागी शिंगाचा पातळ पापुद्रा असे. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचले पाहिजे या आग्रहातून १६४७ चा कायदा झाला. पन्नास कुटुंबांच्या गावाने लिहिणे-वाचणे शिकवणारा शिक्षक नेमावा आणि शंभर कुटुंबांच्या गावाने लॅटिन शिकवणारी शाळा काढावी, असे त्यात होते. शेजारी राजर्षी शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याचा तक्ता लावावा आणि दोन्हींखाली फक्त ‘कशासाठी?’ असा प्रश्न लिहून उत्तरासाठी कोरा कागद ठेवावा. एका बाजूला बायबल वाचून सैतानाच्या फसवणुकीपासून बचाव आणि दुसऱ्या बाजूला जातीच्या उतरंडीखाली दबलेल्यांचा उद्धार, हा फरक प्रेक्षक स्वतः लिहितात.

उपक्रमापूर्वी मुलांना एक दिवस वायल्डर मेमोरियल चर्च दाखवून आणता आले तर उत्तम. रविवार सोडून आणि आधी परवानगी घेऊन जावे. ज्यांच्या नावाने ते आहे ते रॉयल गूल्ड वायल्डर १८५२ मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे मिशनरी म्हणून कोल्हापुरात आले. ते बोर्ड १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ज्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनी स्थापले, त्या प्युरिटनांच्या त्याच सभागृहांतून पुढे आलेल्या होत्या.

प्रदर्शन संपल्यावर भिंत मोडण्याची घाई करू नये. लिंपणावर दोन दिवस पाणी शिंपडले की माती सहज निघते आणि ती शाळेच्या बागेत टाकता येते. कामट्या जुडी बांधून कोरड्या जागी ठेवाव्यात, त्या पुढच्या वर्षी चालतात. तेलकागदाची चौकट मात्र उभीच ठेवावी. आमची आम्ही कपाटामागे आडवी टाकली होती, आणि जूनमध्ये पाहिली तेव्हा उंदरांनी कागद खाऊन फक्त चौकट शिल्लक ठेवली होती.